परतीच्या पावसातल्या नोंदी : अळंब्या, कोळी, चतुर आणि इतर मंडळी

घाटवळण

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या पश्चिमेला आमचा एक लहानसा निसर्गगट आहे. दोन शिक्षक, एक औषधदुकानदार, कॉलेजची चारपाच पोरं आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर. रविवारी सकाळी चहा घेऊन निघायचं, जेवणाच्या वेळेला घरी. आजवर सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडायचे, "वा", "अप्रतिम", हात जोडलेले चारदोन अंगठे, आणि दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगखाली गाडले जायचे. यंदा ठरवलं की गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंत जे दिसेल ते वहीत लिहायचं.

आतापर्यंतचा ऐवज असा. देवराईत आडव्या पडलेल्या ओंडक्यावर नारिंगी, लिबलिबीत, बोटाच्या पेराएवढी बुरशी ओळीने उगवली होती, डॅक्रिओपिनॅक्स असावी. त्याच ओंडक्याच्या सावलीकडच्या अंगाला तपकिरी कानबुरशी. पायवाटेवर दोन झाडांच्या मध्ये जायंट वुड स्पायडरची जाळी, तीही बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर (कंडक्टरकाका पुढे चालत होते, त्यांनी चष्म्यावर घेतलं). ओढ्यावर करडा धोबी हजर झालाय, शेपटी हलवत. खुळखुळ्याच्या झुडपांवर ब्लू टायगर फुलपाखरं इतकी की पानं दिसेनात. भातखाचरांवर संध्याकाळी पिवळट चतुरांचे थवे.

आणि शाळेच्या मैदानात मोठ्या पांढऱ्या छत्र्या, जवळजवळ पूर्ण वर्तुळात उगवलेल्या. टोपीच्या मध्यभागी तपकिरी खवले, देठावर बांगडी, ती बोटाने वरखाली सरकते. फोटो जोडले आहेत.

प्रश्न तीन. ही मैदानातली छत्री कोणती? अळंबीची नोंद करताना नेमकं काय काय लिहायचं? आणि ही वही पुढे कुठे टाकली तर जागेचं नाव द्यायचं की नाही? तिसऱ्या प्रश्नावर आमच्यात चहा गार होईपर्यंत भांडण झालंय.

सुगरण७१

फोटो दिसत नाहीयेत.

पाचूबंदर

मलाही नाही. नुसते चौकोन दिसतायत. चौकोनी अळंबी ही नवीन जात का?

घाटवळण

आता बघा. पोरांना सांगून दुसरीकडे चढवलेत.

खाडीवरचा

दिसले. मैदानातली छत्री काय झकास आहे! पांढरी, जाड, मांसल. कांदा, ओलं खोबरं, तिरफळाचे चार दाणे... खावचा नाय तर बघूचा कित्याक?

डॉ_आमसूल

खाडीवरचा, थांबा. वर्णनावरून मला ती खाण्यातली वाटत नाही. पावसाळ्यात पोटात अळंबी गेलेले रुग्ण मी बघितले आहेत आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण "दिसायला अगदी चांगली होती" असंच सांगतो.

सुगरण७१

आमची आजी अळंबीच्या भाजीत सोललेला लसूण टाकायची. लसूण काळा पडला तर भाजी फेकायची. काही जण चांदीचं नाणं टाकत. आणि किड्याने खाल्लेली असेल तर ती चांगलीच, कारण किडा विषारी कशाला खाईल?

डॉ_आमसूल

आजींबद्दल पूर्ण आदर राखून, या तिन्हींवर एक क्षणही विसंबू नका. अमॅनिटा गटातल्या जीवघेण्या अळंबीने चांदीही काळी पडत नाही आणि लसूणही. गोगलगायी आणि अळ्या ती मजेत खातात, त्यांचं यकृत आपल्यासारखं नाही. शिजवून, वाळवून, उकळीचं पाणी फेकून देऊनही ते विष जात नाही.

जास्त वाईट गोष्ट वेगळीच आहे. साध्या त्रासदायक अळंबीने एकदोन तासांत उलट्या सुरू होतात, माणूस घाबरून लगेच दवाखाना गाठतो. अ‍ॅमाटॉक्सिन हे विष असलेली पोटात गेली तर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. मग दुसऱ्यातिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, घरचे म्हणतात निभावलं. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. म्हणून अळंबी खाल्ल्यानंतर बऱ्याच तासांनी त्रास सुरू झाला असेल तर "आता उतरेल" म्हणून घरी बसायचं नाही. उरलेली भाजी किंवा कच्चा तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यायचा, ओळख पटवायला उपयोग होतो. प्लास्टिकच्या पिशवीत नको, सडते.

खाडीवरचा

डॉक्टर, मी गंमत केली हो. आमच्या घरात अळंबी आणायचा अधिकार फक्त मामाला आहे. त्याची जागा ठरलेली, ती त्याने बायकोलाही सांगितलेली नाही.

पाचूबंदर

मामींना माहीत असणार. मामाला माहीत नसेल की त्यांना माहीत आहे.

बुरशीबाई

छान धागा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

घाटवळण, मैदानातल्या छत्रीचे कल्ले (टोपीखालच्या पातळ पात्या) वरून घेतलेल्या फोटोत दिसत नाहीत. अळंबी ओळखायची तर टोपीचा फोटो सर्वांत कमी कामाचा आणि लोक नेमका तेवढाच काढतात. मोबाईल जमिनीला टेकवून खालून एक, देठाचा एक, आणि माती उकरून बुडाचा एक. बूड महत्त्वाचं, कारण अमॅनिटाच्या बुडाशी पातळ वाटी असते आणि लोक ती उपटताना जमिनीतच सोडून येतात.

दुसरं, बीजाणूंचा ठसा घ्या. टोपी देठापासून कापायची, कल्ले खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा, म्हणजे पांढरा ठसाही दिसतो. वरून वाडगा उपडा घालून रात्रभर सोडायची. सकाळी कागदावर बारीक पूड उतरलेली असते, तिचा रंग बघायचा. हात लावल्याने विष चढत नाही, अळंबी पोटात गेली तरच बाधते. तरी हात धुवा आणि तो वाडगा परत ताकाला वापरू नका.

वहीत लिहायचं ते असं : तारीख, आदल्या चारपाच दिवसांतला पाऊस, कशावर उगवली (माती, शेण, जिवंत झाड, मेलेलं लाकूड, वारूळ), जवळची झाडं कोणती, एकटी की झुबक्यात की वर्तुळात, वास, कापल्यावर रंग बदलतो का, ठशाचा रंग. नाव शेवटी लिहा, आणि खात्री नसेल तर जागा कोरी ठेवा. "पांढरी अळंबी, अज्ञात, शेणावर, हिरवट ठसा" ही नोंद पुढे कामाला येते. नुसतं "मशरूम, खूप सुंदर" कोणाच्याच कामाचं नाही. आणि डॅक्रिओपिनॅक्सपुढे "असावी" लिहिलंत ते आवडलं, तो शब्द वहीतून खोडू नका.

निवांत_नाना

वाडगा उपडा घालून रात्रभर... आमच्या हिला दाखवला हा प्रतिसाद. उत्तर आलं, "तुम्हीच त्या वाडग्याखाली झोपा."

झाडीपट्टी

इकडे गोंदिया-गडचिरोलीकडे सात्या आणि टेकोडे या रानअळंब्या म्हणजे पावसाळ्याचा सण आहे जी. श्रावणात पोरंबाया पहाटे जंगलात जाते आणि नऊ वाजता रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानावर वाटे मांडून बसते. भाव ऐकून माणूस गपचूप मटणाच्या दुकानाकडे वळते. सात्या वारुळाच्या आसपासच निघते आणि एकदा निघाली तर दोनतीन दिवसांचा खेळ. सप्टेंबरात तुमच्यासारखं नाही, आमचं तोवर संपत येते.

शेती करता येते का हिची? धिंगरी (ऑयस्टर मशरूम) तर आमच्या गावात बचत गटवाल्या बाया भाताच्या तणसावर करून राहिल्या. सात्याचं बियाणं कोणी विकत नाही.

मांडवीकाठ

झाडीपट्टी, तीच आमची रोयण अळमी. गोव्यात पावसाळ्यात रस्त्याकडेला अशीच विकायला बसतात आणि भाव तसाच डोळे पांढरे करणारा. आजोबा सांगायचे की अळम्यांवर नाग राखण बसतो, म्हणून आधी काठी आपटायची. मला वाटतं ही गोष्ट पोरांना लांब ठेवायला होती, पण वारूळ असल्यावर साप असणं अगदीच अशक्य नाही. शाकुती करा, नाहीतर नुसती मीठ-मिरचीवर परता, चिकन आठवत नाही.

वनखात्यानेही सांगून झालंय की अभयारण्यातून काढू नका, कळ्या असताना उपटू नका. ऐकतं कोण?

बुरशीबाई

झाडीपट्टी, बियाणं विकत मिळत नाही त्याचं कारण मजेशीर आहे. या टर्मिटोमायसिस गटातल्या अळंब्या, आणि त्यांची शेती माणसाआधी वाळवीने सुरू केली. काही जातींच्या वाळव्या चावलेल्या लाकूड-पाचोळ्याच्या विष्ठेपासून वारुळाच्या आत पोळ्यासारखे कप्पेदार गोळे रचतात आणि त्यावर ही बुरशी वाढवतात. बुरशी लाकूड पचवून देते, वाळवी ते खाते. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. पाऊस पडून गेला की त्या गोळ्यातून अळंबी वर येते, म्हणून तिचा देठ जमिनीखाली मुळासारखा लांबच लांब गेलेला असतो. हळू खणत गेलात तर थेट त्या गोळ्यापर्यंत पोचाल, पण खणू नका. पुढच्या वर्षीची अळंबी तिथेच आहे.

वाळवीशिवाय ही छत्री धरायला लावणं अजून व्यापारी पातळीवर जमलेलं नाही. धिंगरी बिचारी तणसावर समाधानी असते. आणि याच गटातली झांबियात सापडणारी एक जात मीटरभर रुंद टोपीची होते.

निवांत_नाना

मीटरभर? म्हणजे खरोखरच छत्री. कुत्र्याची नव्हे, हत्तीची.

दिवाभीत

अळंब्यांचा विषय निघालाच आहे तर उजेड देणाऱ्या राहून कशा गेल्या? भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. मायसीना गटातली बुरशी, आतल्या रासायनिक क्रियेने काजव्यासारखाच थंड उजेड. विजेरी बंद करून दहापंधरा मिनिटं गप्प उभं राहायचं, मग हळूहळू फांद्या दिसायला लागतात. फोटोत जो झगझगाट दिसतो तो कॅमेऱ्याचं झाकण अर्धा मिनिट उघडं ठेवल्याचा परिणाम आहे. डोळ्यांना इतकं भडक काही दिसत नाही, तेव्हा फोटो बघून गेलात तर निराश व्हाल. मला डोळ्यांचंच जास्त आवडलं.

नेमकी जागा हवी असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

रानडोह

दिवाभीत, हे शेवटचं वाक्यच मूळ दुखणं आहे. व्यनि केला की तो व्यनि ग्रुपवर, ग्रुपवरून रीळमध्ये, आणि पुढच्या शनिवारी चाळीस माणसं विजेऱ्या घेऊन. ते अभयारण्य आहे, रात्री परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आंबोलीला चापड्याचा (हिरव्या विषारी सापाचा) फोटो चांगला यावा म्हणून त्याला फांदीवरून उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. बेडकांना डब्यात भरून "स्टुडिओ" करणारेही. जागा सांगू नका, कोणालाच नाही.

दिवाभीत

म्हणजे तुम्हाला माहीत असलेलं चालेल, दुसऱ्याला नको? मी वनखात्याच्या परवानगीने, गावातल्याच वाटाड्याबरोबर गेलो होतो. गावच्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात आणि लाकूडतोडीकडे तेच लक्ष ठेवतात. सगळं लपवून ठेवलं तर उद्या तिथून रस्ता गेला की "इथे काही नव्हतंच" म्हणायला हे लोक मोकळे. नोंदच नसेल तर वाचवणार कशाच्या आधारावर?

पाचूबंदर

दोघांचं थोडं थोडं पटतंय. येऊरला कारवी २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. आठ वर्षांनी एकदा. २०२४ ला रविवारी जी गर्दी पाहिली... कारवीत शिरून, फांद्या वाकवून, लहान मुलांच्या केसांत फुलं खोचून फोटो. फूल तोडलं की बी धरणार नाही, बी धरलं नाही की २०३२ ला तिथे काय बघणार? पण हेही खरं की त्याच गर्दीत एक आजोबा नातवाला मधमाश्या दाखवत उभे होते आणि पोरगं तोंड उघडं टाकून बघत होतं. त्याला "येऊ नकोस" कसं सांगायचं?

रानडोह

आजोबांना कोण अडवतंय? कासचं फुलांचं पठार बघा. २०१२ ला जागतिक वारशात गेलं आणि गाड्यांची रांग कुठवर जाते ते साताऱ्याच्या घाटवळणांनाच विचारा.

घाटवळण

रांगेबद्दल न बोललेलंच बरं. हंगामात रविवारी आम्ही त्या बाजूला फिरकतही नाही.

टाचणी

अळंब्यांवर इतके प्रतिसाद आणि माझ्या चतुरांवर एकही नाही? निषेध.

घाटवळण, भातखाचरांवरचे पिवळट थवे म्हणजे बहुधा पँटाला फ्लॅवेसेन्स, इंग्रजीत ग्लोब स्किमर. कडेने बघा, बसताना फांदीला लोंबकळतो, आडवा बसत नाही. ही मंडळी पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतात, पिल्लं दीडदोन महिन्यांत चतुर होतात, डबकं आटायच्या आत. आणि मग निघतात.

मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरात तिथे लाखो चतुर उतरतात. गोड्या पाण्याची तळी जवळपास नसलेल्या बेटांवर चतुर कशाला येतील? २००९ साली त्यांनी मांडलं की हे भारतातून निघून, उंचावरच्या ईशान्येकडच्या वाऱ्यावर स्वार होऊन, मालदीव-सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत जातात. तिथल्या पावसात पुढची पिढी, आणि त्यांची पोरंनातवंडं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे परत. सगळी फेरी चौदा ते अठरा हजार किलोमीटरची, आणि एकही चतुर ती पूर्ण करत नाही.

त्यामुळे "चतुरांचे थवे" एवढंच लिहू नका. किती वाजता, कोणत्या दिशेला चालले होते, वारा कुठून होता, हे लिहा. चारपाच गावांतून अशा नोंदी झाल्या तर नकाशा तयार होतो.

घाटवळण

दिशा पाहिलीच नाही. या रविवारी कंपास घेऊन जातो.

कंडक्टरकाकांचा प्रश्न : "चतुरांना तिकीट कुठलं फाडायचं, मोंबासा की झांझिबार?"

टाचणी

अर्धं तिकीट. परतीचं पोरं काढतील.

आणि खुळखुळ्यावरचे ब्लू टायगर बघताना एक लक्षात घ्या. ते फुलाचा मध प्यायला जमलेले नसतात. वाळलेल्या, जखमी पानाफांद्यांवर सोंड घासत बसतात, त्यातली अल्कलॉइडं शोषून घेतात. नरांना मादीला भुलवणारा गंध बनवायला ती लागतात आणि अंगात राहिली की पक्ष्यांना फुलपाखरू कडू लागतं. झुडपाचं पान मुद्दाम चुरगाळून ठेवा, अर्ध्या तासात गिऱ्हाईक येतं.

मधलं_आळं

वाचतेय. फुलपाखरं आणि चतुर छान, पण आम्हा शेतकऱ्यांच्या नोंदी कोण घेणार? हस्ताचा पाऊस आडवातिडवा पडून गेला, भात लोळलंय, आता कापणी. आणि कापणीत रोज काही ना काही निघतं. काल पेंढ्याखाली धामण, परवा बांधावर घोणस. घोणस शिट्टीसारखा आवाज काढते म्हणून कळलं. गटातली पोरं आली होती तर म्हणाली, "काकू, फोटो काढू?" म्हटलं आधी गमबूट घाला, मग काढा. विळ्याच्या हाताने पेंढी उचलायची नाही, आधी काठीने हलवायची. आमच्याकडे दरवर्षी याच महिन्यात कोणाला तरी चावतं आणि पहिले दोन तास मांत्रिकाकडे जातात. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते, हेसुद्धा वहीत लिहा.

बाकी सुगरणींची घरटी विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली आहेत, बहुतेक रिकामी. भोरड्या आल्यात. मोठा थवा, ज्वारी अजून गुडघ्याएवढी नाही तरी पाहणी करून गेला.

डॉ_आमसूल

मधलं_आळं, शंभर टक्के. चावा बसला की तो भाग हलवायचा नाही, कापायचा नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, सरळ दवाखाना.

पाचूबंदर

भोरड्या इतक्या लवकर?

टाचणी

भोरड्या म्हणजे पळसमैना, मध्य आशियातून येणाऱ्यांत सगळ्यांच्या आधी पोचतात, ऑगस्टपासून दिसू शकतात. जातातही उशिरा, पळस-पांगाऱ्याचा मध पिऊन.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. इथे आता पानगळ सुरू आहे आणि आमच्या भागातल्या मशरूम क्लबची फेरी म्हणजे टोपल्या घेतलेले सत्तरीचे लोक आणि मध्ये मी एकटी पंजाबी ड्रेसमध्ये. ओकच्या बुंध्याशी मायटाके सापडते, इथे तिला "हेन ऑफ द वूड्स" म्हणतात. एकेक झुबका दोन्ही हातांत मावत नाही. सगळ्या अळंब्या शेवटी एका टेबलावर मांडतात आणि जाणकार माणूस एकेकीपुढे नावाची चिठ्ठी ठेवत जातो. तोवर कोणीही काही घरी नेत नाही.

दिवाभीत, उजेड देणारी इथेही आहे. जॅक ओ'लँटर्न म्हणतात, नारिंगी, झुबक्यात, अंधारात कल्ले मंद चमकतात. लोक तिला शँटरेल ही खाण्यातली अळंबी समजून खातात आणि रात्रभर ओकतात.

पण मला डॉक्टरांच्या मुद्द्याला एक जोडायचंय. इथल्या जाणकारांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं की आशियातून आलेल्या लोकांना डेथ कॅपची (अमॅनिटा गटातल्या जीवघेण्या अळंबीची) विषबाधा होण्याचं एक ठरलेलं कारण आहे. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी आणि डेथ कॅप लहानपणी सारख्या दिसतात, दोघींच्या बुडाशी वाटी. कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात असे मृत्यू झालेत. आपल्या गावात पारख बरोबर असते, कारण तिथे ती जुळी बहीणच नसते. देश बदलला की आजीचं ज्ञान दगा देतं.

बुरशीबाई

अटलांटिकपार, नेमकं. आणि तिथे ठसा कामाला येतो. पेंढ्यावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी, अमॅनिटाचा पांढरा. बंद कळीचा मात्र ठसा उतरत नाही, आणि लोक कळ्याच खुडतात.

सुगरण७१

आता मी बटण मशरूमसुद्धा घ्यावं की नको असं झालंय.

खाडीवरचा

घ्या घ्या. त्या पाकिटावर नाव, गाव, तारीख सगळं असतं. बुरशीबाईंच्या वहीपेक्षा पक्की नोंद.

रानडोह

अवांतर : पोरांच्या फोटोत सतरावा बघा. पानाच्या खाली मेलेली मुंगी आणि तिच्या मानेतून निघालेला बारीक दांडा. घाटवळण, हे तुम्ही यादीत लिहिलंच नाही!

घाटवळण

अरे हो, ते एकाने नुसतंच काढलं होतं, "मेलेली मुंगी" म्हणून.

बुरशीबाई

नुसतंच?! ओफिओकॉर्डिसेप्स वाटतेय. मुंगीच्या शरीरात शिरलेली बुरशी तिला चढायला लावते, मुंगी पानाच्या शिरेला चावा घेते आणि तशीच मरते. मग डोक्यातून दांडा निघतो आणि बीजाणू खाली, मुंग्यांच्या वाटेवर पडतात. त्या पोराला माझ्याकडून भजी.

पाचूबंदर

हे जेवायच्या आधी वाचायला नको होतं.

घाटवळण

मंडळी, ताजी खबर. कंडक्टरकाकांच्या घरी ठसा घेतला (वाडगा नव्हे, जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं). पांढऱ्या कागदावर शेवाळी हिरवा रंग उतरलाय. कोवळ्या टोपीचे कल्ले पांढरे होते, जुन्या टोपीचे हिरवट. फोटो टाकलाय, यावेळी खालूनही.

बुरशीबाई

क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. हिरवा ठसा असणाऱ्या अळंब्या इतक्या कमी आहेत की यावर फार वाद होणार नाही. हिरवळ, मैदानं, बागा इथे पावसानंतर वर्तुळात येते आणि खाल्ली तर पोटाची वाट लावते. सहसा जीव जात नाही, पण लहान मुलाला सलाइन लावायची वेळ येते. शाळेचं मैदान आहे, तेव्हा मुख्याध्यापकांना सांगून ठेवा. उपटून टाकायची गरज नाही, फक्त मुलांना दाखवा आणि ओळख करून द्या.

खाडीवरचा

मामाला फोटो पाठवला. उत्तर : "ही कोण खातं? वेडा आहेस?" म्हणजे मामा पास.

घाटवळण

शिक्षकांनी तर लगेच तास घेतला, पोरांनी कागदांवर ठसे काढले. आता भिंतीवर लावलेत.

जागेच्या भांडणाचं आम्ही असं ठरवलंय. मैदान, रस्ता, शेत, बाजार इथल्या नोंदी गावाच्या नावासह. देवराई, साप, ऑर्किड, घरटी यांच्या नोंदीत फक्त तालुका. नेमकी जागा वहीत असेल आणि वही शाळेच्या कपाटात. वनखात्याने किंवा अभ्यासकाने मागितली तर दाखवायची. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना जागा धूसर करण्याची सोय आहे, ती वापरायची.

रानडोह

तालुकासुद्धा जास्त होतो, पण ठीक आहे.

दिवाभीत

कपाटाची किल्ली कोणाकडे?

घाटवळण

कंडक्टरकाकांकडे. सुट्टे नसतील तर ते कोणालाच आत घेत नाहीत.

टाचणी

घाटवळण, वही दिवाळीला बंद करू नका, नोव्हेंबर अख्खा ठेवा. अमूर ससाणे यायचेत. सैबेरिया-उत्तर चीनमधून निघून नागालँड-मणिपूरला थांबतात, मग आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेला. दीडशे ग्रॅमचा पक्षी, आणि वाटेत आपल्या चतुरांवरच हात मारतो. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात दिसतात. मी गाडी काढतेय, कोण येतंय?

निवांत_नाना

मी. पण अळंबीची भाजी डब्यात आणणार नसाल तरच.

मधलं_आळं

मळणी आटोपली तर मी पण. पुढची सीट माझी, मागे मला घाटात मळमळतं.

टाचणी

पुढच्या सीटवर दुर्बीण आणि टेलिस्कोप बसतात. पण काकू, तुमच्यासाठी त्यांना मागे पाठवते. निवांत_नाना, तुम्ही टेलिस्कोप मांडीवर घ्या.